शेजघरातला आरसा

[पहाट. विहिरीवर पाणी शेंदल्याचा आवाज.]

दर्शन सुरू होतं ते इथून, विहिरीच्या काठावरून. ही मुत्तिरिकिणरू. आधी इथं अंघोळ, मग पदी, म्हणजे मुख्य देवस्थान.

हे स्वामीतोप्पू. नागरकोविलहून कन्याकुमारीला जाताना लागणारं गाव आणि अय्यावळी धर्माचं मूळ ठाणं. अय्या म्हणजे बाप, वळी म्हणजे वाट. त्रावणकोर संस्थानात शिवाशिव कडक होती, त्या काळात या धर्माचे प्रवर्तक अय्या वैकुंडरांनी साऱ्या जातींना या एका विहिरीचं पाणी घ्यायला लावलं. आपल्याकडे महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा. वैकुंडर १८५१ सालीच गेले.

[ओल्या अंगाने एक भाविक डोक्याला कापड गुंडाळतो.]

अंघोळ झाली की पुरुषांनी सदरा घालायचा नाही. कमरेला धोतर, अंग उघडं आणि डोक्याला पागोटं. नवखा माणूस इथंच चुकतो. दक्षिणेतल्या इतर देवळांत डोक्यावरचं कापड काढून हातात घेतात, तसं तो इथंही करायला जातो. पण खालच्या ठरवलेल्या जातींना तेव्हा पागोटं बांधायची बंदी होती, आणि वैकुंडरांनी नेमका तोच देवापुढे उभं राहायचा वेश केला. म्हणून ते शेवटपर्यंत डोक्यावरच हवं. वाकल्यावर सुटेल असं सैल बांधू नये.

कपाळावर पांढऱ्या मातीचं नाम. भुवयांच्या मधून वर केसांपर्यंत चढणारं, ज्योतीच्या आकाराचं.

[उत्तरेचं दार.]

वडक्कु वासल. वैकुंडरांच्या सहा वर्षांच्या तपाची ही जागा. पहिली दोन वर्षं सहा फूट खोल खड्ड्यात उभं राहून, पुढची दोन जमिनीवर बसून आणि शेवटची दोन उंच आसनावर.

[आत. दोन दिवे.]

गाभाऱ्याला पळ्ळियरै म्हणतात. शब्दशः शेजघर. मूर्ती शोधू नका, ती नाहीच. समोर आरसा, दोन्ही बाजूंना तेलाचे दिवे. हात जोडून वर पाहिलं की समोर आपलाच चेहरा, पागोट्यासकट. वात मोठी ठेवली तर ती धुरकट जळते, काजळी काचेवर बसते आणि ज्यासाठी आरसा ठेवला ते दर्शनच धूसर होतं.

पैसे आणि कावडी बाहेरच राहू द्यावी. काणिक्कै, म्हणजे देवापुढची दक्षिणा, देऊ नका, कावडी वाहू नका, असं या धर्माचा ग्रंथ अकिलत्तिरट्टु बजावून सांगतो.

[ताडांची रांग, मग समुद्र.]

मुख्य पदी पाच. स्वामीतोप्पूशिवाय अंबलप्पदी, पूप्पदी, तामरैकुळम आणि मुट्टप्पदी. वैकुंडरांचे सीडर, म्हणजे शिष्य, हरी गोपालन यांनी १८४१ मध्ये अकिलत्तिरट्टु लिहिला, तो तामरैकुळमचा. मुट्टप्पदी थेट समुद्रकाठी. सातशे कुटुंबांनी केलेल्या तुवयल तवसु या व्रताशी तिचं नाव जोडलेलं आहे. तुवयल म्हणजे धुणं. अंग, कपडे, अन्न, सगळं स्वच्छ राखायचं, हाच त्या व्रताचा नेम.

[गावातली एक लहानशी इमारत.]

पदी दूर असेल तर निळल तांगल. सावलीचा आसरा. स्वतः वैकुंडरांनी असे सात उभारले असं मानतात. आज तमिळनाडू आणि केरळात मिळून ते हजारोंनी आहेत. सुरुवातीच्या तांगलांत पूजेबरोबर लिहायला-वाचायलाही शिकवत, आणि तेही ज्यांना शाळेच्या दारात कुणी उभं करत नव्हतं त्यांना.