चार-चार वर्षांनी वाढलेलं घर

[दृश्य: होडीतून दिसणारे दगडी मनोरे]

स्वित्झर्लंड. झुरिक सरोवराचा वरचा काठ, गाव बोलिंगन. हे मनोरे मध्ययुगातले वाटतात, पण वय जेमतेम शंभर वर्षांचं. बांधणारे ना राजा, ना सरदार. मनोविकारतज्ज्ञ, कार्ल गुस्ताव युंग.

[दृश्य: भिंतीतले दगड, जवळून]

1922 मध्ये जमीन घेतली. पुढच्या जानेवारीत आई गेली आणि त्याच वर्षी पहिला गोल मनोरा उभा राहू लागला. मुळात हवी होती एकमजली गोल झोपडी, मधोमध चूल असलेली. दगड फोडायला ते इथल्या खाणकामगारांकडून शिकले. वीज घेतलीच नाही. उजेड कंदिलाचा, लाकडं स्वतः फोडायची.

1927 मध्ये मधली इमारत जोडली. 1931 मध्ये दुसरा मनोरा, त्यात एक खोली फक्त स्वतःसाठी, किल्ली स्वतःजवळच. तिच्या भिंतींवर त्यांनी चित्रं काढली. ती इथे दिसणार नाहीत, घर आजही कुटुंबाचं आहे आणि आपला कॅमेरा पाण्यावर. 1935 मध्ये अंगण. दर चार वर्षांनी घर अंगाला तोकडं पडत होतं, असंच म्हणायचं.

[दृश्य: दोन मनोऱ्यांमधला उंच भाग]

हा मजला मात्र बराच नंतरचा. 1955 च्या नोव्हेंबरात पत्नी एम्मा गेल्या. दोन मनोऱ्यांमध्ये दडून बसलेला तो बुटका भाग म्हणजे आपणच, हे युंग यांना तेव्हा उमगलं. त्यावर त्यांनी मजला चढवला. वय ऐंशी. या वयात लोक पसारा आवरायला घेतात.

[दृश्य: कुस्नाख्टचं घर, दारावरचा लॅटिन लेख]

हे झुरिकजवळच्या कुस्नाख्टमधलं, डॉक्टरसाहेबांचं घर. रुग्ण इथे यायचे. समाजात वावरताना आपण लावतो तो मुखवटा, म्हणजे पर्सोना. तो वाईट नव्हे, त्यावाचून चालतही नाही. पंचाईत होते ती मुखवट्यालाच चेहरा मानल्यावर. स्वतःतलं जे जे नाकारलं ते मग मागे साठत जातं. युंग त्याला छाया म्हणत. पाद्र्याच्या घरातल्या या मुलाला लहानपणीच आपल्यात दोघं राहतात असं वाटे: एक शाळकरी पोर, दुसरा अठराव्या शतकातला म्हातारा गृहस्थ. म्हाताऱ्याला त्यांनी घालवून दिलं नाही. बोलिंगनला घर बांधून दिलं!

[दृश्य: लाल ग्रंथाची पानं, सावकाश]

1913 मध्ये मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांच्याशी संबंध तुटले. त्याच वर्षी ऑक्टोबरात, रेल्वेच्या प्रवासात, जागेपणी, त्यांना उत्तर समुद्रापासून आल्प्सपर्यंतचा युरोप पुरात बुडताना दिसला, आणि मग पाण्याचं रक्त झालं. वेड लागतंय की काय, ही धास्ती. पुढच्या ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटलं. एका माणसाच्या नेणिवेत, म्हणजे मनाच्या जाणिवेपलीकडच्या भागात, साऱ्या समाजाचं काही ढवळत असतं, ही त्यांची धारणा इथे पक्की झाली. नेणिवेतून आलेली ती चित्रं आणि संवाद ते जवळपास सोळा वर्षं या लाल ग्रंथात उतरवत राहिले. निळा रंग बघा, सोनेरी बघा. ग्रंथ छापून आला 2009 मध्ये.

[दृश्य: न्यू मेक्सिको, ताओस प्वेब्लोची मातीची घरं]

जानेवारी 1925. ताओस प्वेब्लो हे अमेरिकेतल्या मूलनिवासींचं गाव. इथल्या माउंटन लेक या वडीलधाऱ्याने पाहुण्याला सरळ सांगितलं: गोरे लोक कायम काहीतरी शोधत असतात, अस्वस्थ असतात, ते डोक्याने विचार करतात म्हणून आम्हाला वेडे वाटतात. आम्ही इथे विचार करतो, म्हणून त्याने हृदयावर हात ठेवला. युरोपची सुसंस्कृत ओळख हाही एक मुखवटा, आणि त्यामागे आक्रमणांची लांबलचक छाया. हे युंग यांना दाखवलं ते इथल्या माणसाने, कुठल्याही रुग्णाने नव्हे.

[दृश्य: तीसच्या दशकातली वर्तमानपत्रं]

पुढे नाझी काळात त्यांनी मानसोपचाराच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं अध्यक्षपद घेतलं, ज्यू आणि 'आर्य' मानसाची तुलना करणारं लिहिलं. त्यावरची टीका आजही थांबलेली नाही.

[दृश्य: झुरिक स्थानक, येणारी-जाणारी गर्दी]

सॅम्युएल किम्बल्स आणि थॉमस सिंगर या युंगपंथीयांनी नंतर 'सांस्कृतिक गंडा'ची (कल्चरल कॉम्प्लेक्स), म्हणजे समूहाच्या मनातल्या गाठीची, कल्पना मांडली. पिढ्यान्‌पिढ्यांचा अपमान, जुनी जखम एखादा समूह कशी जपतो आणि तिच्यावरच आपलं 'आम्ही' कसं उभारतो, हे ते तपासतात.