धिप्पाड पोरांचा हिशेब

6 जून 1986. कॅम नीलीचा एकविसावा वाढदिवस. नेमक्या त्याच दिवशी व्हँकुव्हर कनक्स या आइस हॉकी क्लबने त्याला बोस्टन ब्रुइन्सला देऊन टाकलं, वर ड्राफ्टचा, म्हणजे क्लबांनी पाळीपाळीने नवी पोरं निवडण्याचा, पहिल्या फेरीतला एक हक्कही दिला. बदल्यात आला बॅरी पेडरसन. हंगामात शंभरावर गुण (गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून) दोनदा मिळवलेला सेंटर, म्हणजे मधला आक्रमक, पण खांद्याची शस्त्रक्रिया झालेला.

व्हँकुव्हर अगदीच वेडं नव्हतं. 1983 मध्ये नवव्या क्रमांकावर घेतलेल्या नीलीचे तीन हंगामांत 51 गोल झाले होते. उजव्या बाजूला स्टॅन स्मिल आणि टोनी टँटी आधीच ठाण मांडून, मग या पोराला जागा कुठली? बोस्टनने ती दिली. पहिल्याच हंगामात 36 गोल. आणि 1993-94 मध्ये, दुखऱ्या गुडघ्यानिशी, 44 सामन्यांत 50.

पॉवर फॉरवर्ड तो हाच. मैदानाच्या कडेच्या फळीवर बचावपटूला रेटणारा, गोलसमोरून न हलणारा, आणि एवढं करून हातात सफाई असलेला. रेटणारे पुष्कळ सापडतात. सफाईवालेही सापडतात. दोन्ही एका अंगात असलेला गडी अठराव्या वर्षी ओळखायचा, तिथे भल्याभल्यांची दांडी उडते. ज्युनियर लीगमध्ये समोर सोळा-सतरा वर्षांची पोरं असतात. थोराड मुलगा नुसता खांदा लावून वाट काढतो आणि गोलांचा आकडा फुगत जातो. एनएचएलमध्ये, म्हणजे या क्लबांच्या अव्वल व्यावसायिक लीगमध्ये, समोर तेवढ्याच वजनाचा, तिशीतला बाप्या उभा असतो.

म्हणून पाहायचं ते कोपऱ्यात. पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, फळीला चिकटलाय, पाठीवर बचावपटू. तिथे पोचण्याआधी पोराने मान वळवून मागे पाहिलं का? कंबर मध्ये घालून पक झाकला का? आणि सुटल्यावरची पहिली तीन पावलं... ती जड पडली, तर उंचीचा उपयोग फोटोपुरता.

2003 चा ड्राफ्ट. न्यूयॉर्क रेंजर्सने बाराव्या क्रमांकावर सहा फूट सहा इंचांचा ह्यू जेसिमन उचलला. एनएचएलमध्ये तो खेळला दोन सामने, तेही फ्लोरिडाकडून. लगेच पुढच्या क्रमांकावर लॉस एंजेलिस किंग्जने घेतलेला डस्टिन ब्राउन जेमतेम सहा फुटांचा. 2012 आणि 2014 मध्ये कर्णधार म्हणून स्टॅन्ली कप, एनएचएलचा विजेतेपदाचा चषक, त्याने उंचावला.

बरं, निवड अचूक ठरली तरी धीर लागतोच. वॉशिंग्टनच्या टॉम विल्सनने पहिल्या पूर्ण हंगामात 82 सामने खेळून केले फक्त 3 गोल. 2024-25 मध्ये त्याच विल्सनचे 33 झाले. मधली वर्षं क्लबने कळ काढली, त्याच्या निलंबनांसकट.

मॉन्ट्रियलने 2022 मध्ये अगदी पहिल्या क्रमांकावर स्लोव्हाकियाचा युराय स्लाफकोव्स्की घेतला. पहिल्या हंगामात 39 सामने, 4 गोल, मग दुखापत. टीका झालीच. पुढच्या हंगामात 20 गोल आले. त्यानंतर मॉन्ट्रियलने वाट पाहिली नाही. जुलै 2024 मध्ये, वीस वर्षांच्या या मुलाशी, आठ वर्षांचा नवा करार करून टाकला.