लाहोरची फौज, नांदेडची हॉकी

(दृश्य : नांदेड. हिवाळ्यातली सकाळ. मैदानावर आखलेल्या पांढऱ्या रेषा.)

खालसा हायस्कूलच्या मैदानावर चुना पडला की नांदेडला कळतं, हॉकीवाले आले. गुरू गोबिंदसिंघजींच्या नावाच्या सुवर्ण आणि रजत चषकासाठी देशभरातून संघ येतात. कडेला डोक्याला पटका बांधलेलं एक लेकरू ओरडतंय, "आरं, पास दे की! एकटाच कुठं पळायलास?"

नाव पंजाबी, ओरडणं अस्सल नांदेडी.

इथल्या बऱ्याच शीख घरांची मुळं लाहोरकडची. १८३२च्या सुमारास महाराजा रणजितसिंहांनी निजामाकडे फौज पाठवली आणि त्यातले कित्येक शिपाई दख्खनेतच राहिले. आजची हॉकी तेव्हा जन्मायची होती. ती पुढं इंग्रजांच्या छावण्यांतून आणि शाळांतून हिंदुस्थानात पसरली. म्हणजे या घरांत आधी भाला आला. स्टिक आली ती पुढच्या पिढ्यांच्या हातात.

(दृश्य : बर्फाचं मैदान. स्केट्सचा खरखर आवाज.)

आता पार दुसरं टोक. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंजाबी माणसं कॅनडात, ब्रिटिश कोलंबियात पोचली आणि लाकडाच्या गिरण्यांत राबली. तिथं नुसतं 'हॉकी' म्हटलं की बर्फावरचीच. मैदानी हॉकीत मुरलेला गडीसुद्धा तिथं नवशिका. पायात पात्याचे बूट, चेंडूऐवजी रबराची चपटी चकती. शिवाय बूट, शिरस्त्राण, पॅड, मैदानाचं भाडं... दिवसभर फळ्या उचलणाऱ्यानं पोराला हे कुठून द्यावं? खेळायला आधी कुणाची तरी मजुरी सुटावी लागते.

डंकन गावात जन्मलेला रॉबिन बावा १९८९मध्ये वॉशिंग्टन कॅपिटल्सकडून उतरला. एनएचएल या बड्या लीगमधला तो भारतीय वंशाचा पहिला खेळाडू. आणि २००८मध्ये या सामन्यांचं धावतं वर्णन चक्क पंजाबीत सुरू झालं. इंग्रजी न कळणाऱ्या आजी-आजोबांनाही नातवाशेजारी बसून सामना बघता येऊ लागला. बर्फावरच्या त्या काळ्या चकतीला पंजाबीत काय म्हणतात, ठाऊक आहे? टिक्की. आलू टिक्कीतली! मला विचाराल तर खेळ त्या दिवशी घरात आला.

(दृश्य : पुन्हा नांदेड. शिट्टी. धूळ.)

आजोबा उशिरा पोचलेत. पंजाबीत विचारतात, गोल कुणी केला?

नातू मराठीत चिडतो, "आपल्याच पोरानं की! पण पंचानं दिला नाही, दादाजी."