खोक्यावरचा वेग आणि खोलीतला वेग

(नागपुरातल्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नवा लॅपटॉप घरी आला, की तासाभरात तो स्लो असल्याची तक्रार सुरू होते. पंखा घोंघावतोय, बूड तापलंय, साधं क्रोम उघडायला वेळ लागतोय. पहिल्या दिवशी हे व्हायचंच. विंडोज मागच्या मागे अपडेट उतरवत असतं, फाइलींचं इंडेक्सिंग, म्हणजे शोधण्यासाठी यादी करणं, चालू असतं, डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, सगळी डिस्क तपासत असतो. अशा वेळी बेंचमार्क, म्हणजे वेग मोजणारी चाचणी, चालवून आलेला स्कोर ग्रुपवर टाकण्यात काही अर्थ नाही. चार्जर लावा, वायफाय जोडा, सगळे अपडेट घ्या आणि रात्रभर मशीनला त्याचं काम करू द्या.

एक गोष्ट मात्र त्याच दिवशी करायची. हल्ली मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं, की बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे तिला कुलूप लागतं. तिची 'रिकव्हरी की', म्हणजे ते कुलूप उघडणारा लांबलचक आकडा, त्या अकाउंटमध्ये जमा होते. ती उघडून बघा आणि कागदावर उतरवून ठेवा. पुढे बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट केल्यावर निळ्या पडद्यावर मशीन तीच की मागू शकतं. ते अकाउंट तुमच्या मोठ्या भावाने स्वतःच्या नावाने काढून दिलेलं असेल आणि तो तेव्हा फोन उचलत नसेल, तर बसा वाट बघत.

आता तपासणी. हे सगळं बदलून घेण्याची मुदत संपायच्या आत करायचं, आणि ऑनलाइन खरेदीत ती मुदत फार नसते. खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा, खोकं फेकू नका. सोप्या गोष्टी भराभर उरका. पडदा पूर्ण काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा करून मेलेले पिक्सेल शोधा. 144 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 144 वेळा चित्र बदलणारा, म्हणून घेतलेला पडदा कधीकधी 60 वरच सेट असतो, तो डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन वर न्या. 512 जीबीची डिस्क 476 दिसली म्हणून दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराच्या हिशेबाने मोजते आणि विंडोज 1024 च्या, एवढाच तो फरक आहे.

मशीन खरंच कोरं आहे ना, हे क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं सॉफ्टवेअर दोन मिनिटांत सांगतं. त्यात डिस्क एकूण किती तास चालू होती ते दिसतं. नव्या मशीनवर तो आकडा किरकोळ असतो. शेकड्यात दिसला, तर मशीन शोकेसमध्ये राबलेलं आहे किंवा कुणीतरी परत केलेलं आहे, असं धरून चाला. बॅटरीसाठी कमांड प्रॉम्प्ट उघडा, पॉवरसीएफजी टाइप करा, जागा सोडून स्लॅश आणि बॅटरीरिपोर्ट (powercfg /batteryreport). एक फाइल तयार होते. तिच्यात मूळ क्षमता आणि पूर्ण चार्जची क्षमता जवळजवळ असायला हव्यात. पंधरा-वीस टक्क्यांची तफावत नव्या बॅटरीत खपवून घेऊ नका.

रॅमकडे लोक फक्त आकडा म्हणून बघतात. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीखाली किती स्लॉट भरलेत ते दिसतं. दोनपैकी एकच भरलेला असेल, तर रॅम सिंगल चॅनेलवर, म्हणजे एकाच वाटेने, चालतेय. वेगळं ग्राफिक कार्ड नसलेल्या मशीनमध्ये ग्राफिक्स याच रॅमवर गुजराण करतं, त्यामुळे दुसरी पट्टी टाकली की गेमचा वेग डोळ्यांना जाणवेल इतका वाढतो. मात्र रॅम बोर्डावर सोल्डर केलेली असेल आणि स्लॉटच नसेल, तर पुढे काही करता येत नाही. ते खरेदीच्या आधीच विचारायचं.

आता ज्यासाठी मी आलोय ते : मशीन आपला जोर किती टिकवतं. स्क्रीनकडे बघा. हा तेराव्या पिढीच्या इंटेल एच मालिकेच्या प्रोसेसरचा लॅपटॉप आहे, प्रोसेसरची मूळ पॉवर 45 वॉट. डावीकडे प्रोसेसरला राबवणाऱ्या सिनेबेंचची दहा मिनिटांची चाचणी, उजवीकडे वॉट आणि तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो. चालू करतो. पॅकेज पॉवर, म्हणजे प्रोसेसर एकूण खातोय ते वॉट, बघा : 64 वॉट. तापमान चढतंय, नव्वद, पंच्याण्णव. आता अर्ध्या मिनिटाच्या आसपास... पडलं. 45. सुरुवातीचा तो जोर थोड्या वेळापुरताच दिलेला असतो. जाहिरातीतला गिगाहर्ट्झचा आकडा त्याच काळातला, तोही प्रोसेसरमधल्या सगळ्या कोअरना, म्हणजे काम करणाऱ्या भागांना, मिळेल असं नाही. पण 45 वरही हा टिकत नाहीये. 42, 40, आता 38. तापमान शंभराच्या जवळ अडकलंय आणि थर्मल थ्रॉटलिंगच्या, म्हणजे तापल्यामुळे वेग कमी करण्याच्या, रकान्यात 'येस' आलंय. स्कोर विसरा, हे 38 वॉट वहीत लिहा. एकच प्रोसेसर दोन कंपन्यांच्या मशीनमध्ये एकीकडे 55 वॉट टिकवतो आणि दुसरीकडे 30 वर येतो. नाव तेच, स्टिकर तोच. पातळ, देखण्या लॅपटॉपचे पैसे आपण बऱ्याचदा या वॉटमधून चुकते करतो.

या हॉलमध्ये एसी आहे, 25 अंश धरू. चिपची मर्यादा 100, म्हणजे उष्णता बाहेर टाकायला 75 अंशांचा फरक हाताशी आहे. हेच मशीन मे महिन्यात दुपारी तुमच्या खोलीत न्या. बाहेर पंचेचाळीस, कूलरचं पाणी संपलेलं, खोली 40. फरक उरला 60. उष्णता साधारण या फरकाच्या प्रमाणात बाहेर पडते, म्हणजे ढोबळमानाने वॉट पाचव्या हिश्श्याने घटणार : 38 चे 30. वेग तितका घटत नाही, कारण शेवटचे काही वॉट तसेही फारसं काम देत नाहीत. पण व्हिडिओ एक्स्पोर्ट करताना उशीर जाणवेलच. यूट्यूबवरचे रिव्ह्यू बहुधा गार खोलीत झालेले असतात. चंद्रपूर-अकोल्याच्या माणसाने त्यांचे आकडे थोडे कमी करूनच वाचावेत.

सेटिंगचं म्हणाल, तर कामाची फार थोडी आहेत. पॉवर मोड 'बेस्ट परफॉर्मन्स'वर, आणि कंपनीच्या स्वतःच्या ॲपमधला मोडही बघा, कारण पंख्याचा आणि वॉटचा खरा लगाम तिथे असतो. लेनोवोच्या बऱ्याच मशीनवर एफएन आणि क्यू दाबून तो बदलतो. आधीच घालून दिलेला ट्रायल अँटिव्हायरस काढून टाका, डिफेंडर पुरतो. स्टार्टअपमधली ॲप बंद करा. रजिस्ट्री साफ करणारी, 'बूस्ट' करणारी सॉफ्टवेअर मात्र घरात घेऊ नका. ती सगळी भंकस आहे. चाचणी एकदा चार्जर काढूनही करा, कारण बॅटरीवर पुष्कळ मशीन निम्मा जोरही लावत नाहीत. आणि फोनचा चार्जर टाइप-सीमध्ये बसतो म्हणून तो लावून चाचणी करू नका. त्याचे वॉट पुरले नाहीत, तर मशीन मुकाट्याने वेग कमी करतं.

एक चिठ्ठी आलीय : कूलिंग पॅड, म्हणजे लॅपटॉपखाली ठेवायचा पंख्याचा स्टँड, घ्यावा का? आधी लॅपटॉपची मागची कड दोन पुस्तकांवर उचला, खालची जाळी मोकळी राहू द्या आणि हीच चाचणी पुन्हा लावा. हे बघा, इथेच करतो. पुस्तकं द्या जरा. दहा मिनिटं लागतील, तोवर दुसरा प्रश्न घेऊ... हं, झालं. 41. तीन वॉट फुकट मिळाले. आता हजार रुपयांचा पॅड मित्राकडून एक दिवस मागून आणा आणि 41 चे किती होतात ते बघा. एखाद-दुसऱ्या वॉटनेच वाढणार असतील, तर मी तरी पैसे घालणार नाही.