मेलेलं तारण

श्रोतेहो, नमस्कार. आज एकच शब्द घेतलाय, मॉर्गेज. लिहिताना मधे 'टी' येतो, तो बोलायचा नाही. मॉर्गेज म्हणजे गहाण. गहाण म्हणजे काय, हे वावर असलेल्या घरात सांगावं लागत नाही.

आमचे नानाकाका चोपडा तालुक्यातले, केळीवाले. ठिबकसाठी कर्ज काढायचं होतं, कागद वाचायला मला नेलं. मी कायद्याच्या पहिल्या वर्षाला. शब्दकोशात पाहिलेलं मोठ्या हौसेनं सांगितलं, "काका, हा जुन्या फ्रेंचमधला शब्द. मॉर्ट म्हणजे मेलेलं, गेज म्हणजे तारण." काकांनी पेन खाली ठेवलं. "मनं वावर मरी गयं का रे भो?" आणि सही न करता उठले. दोन दिवस बागेतून घरी आले नाहीत. काकू भाकरी बांधून तिकडेच न्यायची.

तिसऱ्या दिवशी मी बांधावर जाऊन बसलो आणि राहिलेला अर्थ सांगितला. पंधराव्या शतकात थॉमस लिटलटन या इंग्लिश न्यायाधीशानं लिहून ठेवलंय: पैसे फेडले नाहीत, तर जमीन कर्जदाराला मेली. फेडले, तर तारण सावकाराला मेलं. पुन्हा सांगतो. नाही फेडले, तर जमीन मेली. फेडले, तर तारण मेलं. आपल्याकडे 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात कलम 60 आहे. पैसे चुकते केले की गहाण सोडवून घ्यायचा हक्क मालकाचा. काका बराच वेळ ढेकूळ फोडत बसले, मग म्हणाले, "चाल, सही करू."

हा 'गेज' साखरपुड्याच्या एंगेजमेंटमध्येही आहे. तिथं शब्द तारण ठेवायचा. शब्दाचं मूळ शब्दकोशात बारीक अक्षरात असतं, तेच शाळेत सोडून देतात आणि पोरांकडून नुसती स्पेलिंगं घोकून घेतात. मला ते फार खटकतं. घरात टीव्हीशेजारी एक जाडजूड शब्दकोश असावाच.

तर काकांचं कर्ज चौथ्या वर्षी फिटलं. तलाठी आप्पांनी सातबाऱ्यावर इतर हक्कातली बोजाची नोंद कंसात घातली, म्हणजे रद्द केली. काकांनी उतारा उजेडात धरला, कंसावर बोट ठेवलं आणि मला विचारलं, "बोजा मरी गया ना आते?"

मी म्हटलं, "मरी गया, काका."