पिनकोड ४३१००१ चे विभाजक २० कसे? तो एक कुठून आला?

नमस्कार मंडळी. मागं बोलता बोलता मी म्हणालो की संभाजीनगरचा पिनकोड ४३१००१ घेतला तर त्याला २० विभाजक आहेत, तेव्हापासून कमेंटमधी एकच चालूय, सर आम्हाला तर आठच यायलेत. म्हणून आज तेवढंच.

फोड पटकन करतो, ती तुम्हाला येती. अंकांची बेरीज ९, म्हणजे ९ नं भाग जातो, राहिले ४७८८९. इथं थांबू नका, ह्याची बेरीज ३६, परत ९ नं भाग, राहिले ५३२१, अन् ते म्हणजे १७ गुणिले ३१३. ३१३ मूळ संख्या आहे, १७ पर्यंतच्या मूळ संख्यांनी तपासलं की बास, १८ चा वर्गच ३२४ होतो. तर ३ चा चौथा घात, १७ अन् ३१३.

आता आठवाल्यांनी काय केलं, तीन मूळ संख्या दिसल्या की २×२×२ केलं, ३ चार वेळा आलाय ते सोडूनच दिलं. काहीजण घातांकांचा गुणाकार करून ४×१×१, चारच म्हणायलेत. खरं आहे ५×२×२. प्रत्येक घातांकात एक मिळवायचा हे पुस्तकात असतं, पण का मिळवायचा ते कुणी सांगतच नाही, अन् ह्याचा मला खरंच राग येतो. लेकरं नुसतं पाठ करतात.

माझी पुतणी स्कॉलरशिपचा अभ्यास करायलीय, तिनं पण हेच विचारलं. आम्ही जेवायला बसलो होतो, म्हटलं टोपल्यात चार भाकरी आहेत, तू किती घेऊ शकतीस? म्हणली एक, दोन, तीन नाहीतर चार. म्हटलं अन् भूकच नसली तर? तिचा हात तिथंच थांबला. काका, मग पाच प्रकार! झालं, तोच तो एक. विभाजक बनवताना ३ एकदाही न घेणं ही पण निवडच आहे.

अजून नाही पटलं तर १२ घ्या, २ चा वर्ग गुणिले ३. एक न मिळवता दोनच विभाजक येतील, अन् बोटावर मोजले तर १, २, ३, ४, ६, १२, सहा. ३×२. आणि त्यातला १ बघा, तो कधी येतो? काहीच घेतलं नाही तेव्हा. शून्य धरलं नाही तर १ हा विभाजकच हरवतो ना!

एकानं विचारलंय ही हर्षद संख्या आहे का. आहे, स्वतःच्या अंकांच्या बेरजेनं भाग जातो त्या हर्षद, हे नाव देवळालीच्या द. रा. कापरेकरांनी दिलं, शाळेत शिकवायचे ते, मला लई अभिमान वाटतो. मी मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्याच्या गावांचे मुख्य पिनकोड लावून बघितले, हर्षद हा एकटाच निघाला. लातूरकर, तुमचा ४१३५१२, बेरीज १६, बाकी ८ उरती. पण त्याची फोड २ चा घन, ११, ३७, १२७ अशीय, विभाजक किती ते कमेंटमधी सांगा, अन् नुसतं उत्तर नको, कसं काढलं ते पण लिहा.