परवानगीचं शहर : लास व्हेगास

मंडळी, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची सहल करून आलेला कुणीही घ्या. त्याच्या मोबाइलमध्ये ग्रँड कॅन्यनच्या अलीकडे किंवा पलीकडे लास व्हेगासचे फोटो सापडणारच. नकली आयफेल टॉवर, नकली व्हेनिस, बेलाजिओ हॉटेलसमोरचं कारंजं आणि स्लॉट मशीनपुढे ऐटीत बसलेले काका. काकू फोटो काढतायत, म्हणून त्या फोटोत नाहीत. टूरवाले तिथे एक-दोन रात्री मुक्काम देतात आणि आपण परत येऊन 'पापनगरी बघून आलो' म्हणून सांगतो.

पाप तिथे आहे, नाही असं नाही. पण माझं म्हणणं जरा निराळं आहे. हे शहर जे विकतं ती मुळात परवानगी. शेजारच्या राज्यात, शेजारच्या गावात, कधीकधी नुसत्या एका वेशीच्या पलीकडे जे करता येत नाही ते इथे करता येतं. या एका भांडवलावर हे वाळवंटातलं शहर उभं राहिलं. त्याचा इतिहास वाचताना गुंडांकडे कमी आणि हद्दींकडे जास्त लक्ष द्यावं, एवढंच आज मला सांगायचं आहे.

सुरुवात मात्र पाण्यापासून झाली. मोहावीच्या वाळवंटात इथे जिवंत झरे होते, त्यांच्याभोवती हिरवळ होती. पायूट लोक पिढ्यान्‌पिढ्या या झऱ्यांवर राहत. पुढे न्यू मेक्सिकोतून कॅलिफोर्नियाकडे जाणारे व्यापारी तांडे थांबू लागले. १८५५ मध्ये मॉर्मन पंथाच्या लोकांनी मातीच्या विटांची गढी बांधली आणि दोन वर्षांत सोडूनही दिली. नंतर तिथे शेतीवाडी आणि गुरं आली. १९०२ मध्ये ही जागा पाण्याच्या हक्कासकट हेलन स्ट्यूअर्ट नावाच्या विधवा बाईंनी विल्यम क्लार्क या सिनेटरच्या रेल्वे कंपनीला ५५ हजार डॉलरना विकली. वाफेच्या इंजिनाला पाणी लागतं. सॉल्ट लेक सिटी ते लॉस एंजेलिस या मार्गावर ते इथे होतं, इतका साधा हिशोब.

१५ मे १९०५ रोजी भर उन्हात रेल्वेने प्लॉटांचा लिलाव पुकारला आणि गाव जन्माला आलं. आता गंमत बघा. विक्रीच्या कागदात अट होती, की प्लॉटवर दारू विकायची नाही. अपवाद फक्त ब्लॉक १६ आणि १७. बाकी गाव सोवळं आणि दोन चौक मोकळे! ब्लॉक १६ मध्ये गुत्ते आले, मागोमाग मागच्या खोल्यांतला धंदाही आला. हे शहर पुढे शंभर वर्षं जे करणार होतं त्याचा नकाशा पहिल्याच दिवशी आखला गेला होता.

नेव्हाडात जुगार १८६९ पासून कायदेशीर होता. सुधारकांच्या रेट्यापुढे १९१० मध्ये तो बंद झाला, म्हणजे दाराआड गेला. १९२२ च्या रेल्वे संपानंतर कंपनीने दुरुस्तीची वर्कशॉपं केलिएंटे नावाच्या गावी हलवली. एकाच मालकाच्या जिवावर जगणाऱ्या गावाची अशा वेळी काय गत होते ते आपल्या गिरणगावाने पाहिलेलं आहे, मी वेगळं सांगायला नको.

मग आलं १९३१. महामंदीचे दिवस, राज्याच्या खाणी थंडावलेल्या, तिजोरी रिकामी. फिल टोबिन नावाच्या एका गुरंपाळ आमदाराने विधेयक मांडलं आणि १९ मार्चला गव्हर्नर फ्रेड बाल्झर यांनी सही करून जुगार खुला केला. घटस्फोटासाठी राज्यात राहण्याची मुदतही त्याच सुमारास सहा आठवड्यांवर आणली. इतर राज्यांत काडीमोडासाठी वर्षानुवर्षं खेटे घालावे लागत. इथे दीड महिना एखाद्या रँचवर पाहुणे म्हणून राहायचं, कोर्टात जायचं, मोकळं व्हायचं. लग्नालाही ना थांबायची मुदत, ना रक्ततपासणी. लग्नाचं परवाना कार्यालय तिथे आजही मध्यरात्रीपर्यंत उघडं असतं. जुगार, लग्न, घटस्फोट, तिन्ही धंद्यांत माल एकच.

त्याच वर्षी तिथून तासाभराच्या आतल्या अंतरावर कोलोरॅडो नदीवर आज ज्याला हूवर धरण म्हणतात त्याचं काम सुरू झालं. ऐन भरात पाच हजारांवर मजूर. त्यांच्यासाठी केंद्र सरकारने बोल्डर सिटी नावाचं नवं गाव वसवलं आणि तिथे दारू आणि जुगार दोन्हींना बंदी केली. वेशीवर फाटक, गाड्यांची झडती. पगाराच्या दिवशी ही मंडळी कुठे जाणार? लास व्हेगासच्या फ्रीमॉन्ट स्ट्रीटवर. त्याही आधी, बोल्डर सिटीच्या वाटेवर, हद्दीच्या जरा बाहेर रेलरोड पास नावाचा कॅसिनो त्याच वर्षी उभा राहिला होता. तो अजून चालू आहे, आणि बोल्डर सिटीत जुगाराला अजूनही बंदी आहे. केंद्र सरकारच्या पैशाने आणि केंद्र सरकारच्याच मनाईने लास व्हेगासचं बस्तान बसलं, असं म्हटलं तर वावगं ठरू नये.

आता आपण ज्याला 'स्ट्रिप' म्हणतो त्या रस्त्याकडे येऊ. १९४१ मध्ये टॉमस हल या हॉटेलवाल्याने एल रांचो व्हेगास बांधलं ते मुद्दाम नगरहद्दीच्या बाहेर, लॉस एंजेलिसच्या हमरस्त्यावर. जमीन स्वस्त, शहराचे कर नाहीत. मागून येणाऱ्यांनी तोच कित्ता गिरवला. शहराने ही कमाईची पट्टी हद्दीत ओढायचा प्रयत्न केला तेव्हा कॅसिनोवाल्यांनी १९५० मध्ये काउंटीकडून (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) पॅराडाईज नावाची स्वतंत्र टाउनशिप करून घेतली. त्यामुळे आजही बेलाजिओ, सीझर्स पॅलेस, विमानतळ यांतलं काहीही कायद्याने लास व्हेगास शहरात नाही. 'वेलकम टू फॅब्युलस लास व्हेगास' ही १९५९ ची पाटी, जिच्याखाली लोक रांग लावून फोटो काढतात, तीसुद्धा शहराच्या बाहेरच आहे!

बग्सी सीगल या माफियाबद्दल मी फार बोलणार नाही, सिनेमांनी त्याचं पुरेसं कौतुक केलंय. फ्लेमिंगो हॉटेलची कल्पना मुळात बिली विल्करसन या प्रकाशकाची. सीगलने ते बळकावलं, २६ डिसेंबर १९४६ ला खोल्या तयार नसतानाच उघडलं, तोटा खाल्ला, आणि पुढच्या जूनमध्ये बेव्हर्ली हिल्समध्ये गोळ्या खाल्ल्या. खरा प्रश्न असा, की गुंड तिथे टिकले कसे? बँका कॅसिनोला कर्ज देत नव्हत्या. ते दिलं टीमस्टर्स या ट्रकवाल्यांच्या युनियनच्या पेन्शन फंडाने, ज्यावर माफियाचा हात होता. मोबदल्यात, पैसे मोजण्याच्या खोलीत हिशोबाच्या वहीत आकडा चढण्यापूर्वीच मलई काढली जायची आणि बॅगांतून शिकागो, कॅन्सस सिटीला पोचायची. दुसरीकडे कायदा असा, की कॅसिनोच्या प्रत्येक भागधारकाने परवाना घेतलाच पाहिजे. हजारो भागधारकांची कंपनी हे करणार कसं? १९६९ मध्ये ही अट काढली आणि शेअर बाजारातल्या कंपन्यांना दार उघडलं. पोलिसांनी धाडी घातल्या, खटले झाले, ते खरंच. पण माझ्या मते गुंडांना खरा शह दिला तो कायद्यातल्या या बदलाने.

दोन गोष्टींवर जरा थांबतो, कारण सहलीच्या माहितीपत्रकात त्या सहसा नसतात.

पहिली अणुबॉम्बची. २७ जानेवारी १९५१ पासून शहराच्या वायव्येला शंभरेक किलोमीटरवर चाचण्या सुरू झाल्या. पुढच्या बारा वर्षांत जमिनीवर आणि हवेत मिळून शंभर स्फोट झाले. हॉटेलांनी त्याचा तमाशा केला. पहाटेच्या स्फोटासाठी रात्रभर मेजवान्या, गच्चीवरून ढग बघायची सोय, अणूच्या नावाचं कॉकटेल, अणूच्या नावाची सौंदर्यराणी. वारा लास व्हेगास किंवा लॉस एंजेलिसकडे वाहत नसेल असा दिवस बघून स्फोट करत. मग तो वाहायचा कुणीकडे? पूर्वेला, युटामधल्या सेंट जॉर्जसारख्या गावांवर. मेंढ्या मेल्या, पुढे माणसांत कॅन्सर आले. १९९० मध्ये संसदेने नुकसानभरपाईचा कायदा केला, तोवर अनेक जण गेलेले होते.

दुसरी गोष्ट रंगाची. सगळ्याची परवानगी देणाऱ्या या शहराने काळ्या माणसाला ती दिली नव्हती. नॅट किंग कोल, सॅमी डेव्हिस ज्युनियर यांनी रात्री स्ट्रिपवर गायचं, टाळ्या घ्यायच्या, आणि झोपायला वेस्टसाइडच्या काळ्यांच्या वस्तीत जायचं. त्या वस्तीत कित्येक रस्ते तेव्हा कच्चे होते. १९५५ मध्ये मुलाँ रूज हा सर्वांना प्रवेश असलेला पहिला मोठा कॅसिनो निघाला आणि काही महिन्यांतच बंद पडला. शेवटी दंतवैद्य असलेले जेम्स मॅकमिलन आणि त्यांच्या संघटनेने स्ट्रिपवर मोर्चा काढायचा इशारा दिला. टीव्हीवर असा मोर्चा दिसणं धंद्याला परवडणारं नव्हतं. २६ मार्च १९६० ला त्याच मुलाँ रूजमध्ये बसून समझोता झाला आणि दारं उघडली. हृदयपरिवर्तन वगैरे काही नाही, गल्ल्याचा विचार.

आता आज जायचं असेल तर. जून ते ऑगस्ट टाळा. ७ जुलै २०२४ ला तिथे ४८.९ अंश तापमान नोंदलं गेलं. चंद्रपूरकर हसतील, पण तिथे हवा इतकी कोरडी, की घाम आलेला कळतच नाही. स्ट्रिप जवळजवळ सात किलोमीटर आहे. समोर दिसणारं हॉटेल जवळ वाटतं आणि चालून चालून पायांचे तुकडे पडतात. खोलीचं भाडं स्वस्त दिसलं तर 'रिसॉर्ट फी' किती ते आधी विचारा, ती वेगळी लावतात. वयाची एकवीस पूर्ण नसतील तर जुगाराच्या टेबलाजवळ रेंगाळूही देत नाहीत. आणि हो, वेश्याव्यवसाय तिथे कायदेशीर आहे हा आपल्याकडचा समज चुकीचा आहे. राज्यातल्या काही ग्रामीण काउंट्यांत आहे, लास व्हेगासच्या क्लार्क काउंटीत नाही.

एक संध्याकाळ रुलेटच्या, म्हणजे चाक फिरवून आकड्यांवर पैसे लावायच्या जुगाराच्या, टेबलाशी नुसतं उभं राहून बघा. गिऱ्हाईक नोटा डीलरच्या हातात देत नाही, टेबलावर ठेवतो. डीलर त्या कॅमेऱ्याला दिसतील अशा पसरतो आणि मगच चिप्स, म्हणजे पैशांऐवजी खेळायच्या चकत्या, सरकवतो. पाळी संपली की टाळी वाजवून दोन्ही पंजे उलटेसुलटे दाखवतो : हातात काही नाही. चाकावर १ ते ३६ आकडे, शिवाय एक शून्य आणि एक दुहेरी शून्य. म्हणजे घरं ३८, पण आकडा लागला तर देतात ३५ पट. लावलेल्या प्रत्येक शंभरामागे मालकाचे सरासरी सव्वापाच. युरोपात एकच शून्य असतं, तिथे हा वाटा २.७. आणि स्ट्रिपवर आता तिसरं शून्य असलेली चाकं आली आहेत, तिथे तो ७.७ च्या घरात जातो. ती टेबलंही भरलेली असतात! नशिबाचा भाग फक्त गिऱ्हाइकाकडे, मालकाचं गणित पक्कं.

डाउनटाउनमध्ये मॉब म्युझियम जरूर बघा. १९५० मध्ये सिनेटर केफॉव्हर यांच्या समितीने संघटित गुन्हेगारीची सुनावणी ज्या इमारतीत घेतली तिथेच ते आहे. निऑन म्युझियममध्ये बंद पडलेल्या हॉटेलांच्या पाट्या जपल्या आहेत. हे शहर इमारती सुरुंग लावून पाडतं आणि पाट्या जपतं. १९८९ मध्ये स्टीव्ह विन यांनी ज्वालामुखीसकट बांधलेलं मिराज, जिथून आजच्या महाकाय हॉटेलांचं युग सुरू झालं, तेही २०२४ मध्ये बंद झालं. खोली झाडायला येणाऱ्या बाईंना टिप ठेवा. त्यांच्या युनियनचा फ्रंटिअर हॉटेलमधला संप १९९१ पासून १९९८ पर्यंत, सहा वर्षांहून जास्त चालला, आणि संपावर गेलेल्या ५५० पैकी एकही जण फुटला नाही. दत्ता सामंतांचा संप पाहिलेल्यांनी या आकड्यावर विचार करावा.

ज्या झऱ्यांपायी हे सगळं झालं ते उपसून उपसून १९६२ मध्ये आटले. तिथे आता स्प्रिंग्ज प्रिझर्व्ह नावाची बाग आणि संग्रहालय आहे. आज शहराचं नव्वद टक्के पाणी हूवर धरणामागच्या लेक मीडमधून येतं. नदीच्या खालच्या खोऱ्याची वाटणी झाली तेव्हा कॅलिफोर्नियाला ४४ लाख, ॲरिझोनाला २८ लाख आणि नेव्हाडाला अवघे ३ लाख एकर-फूट (एक एकर-फूट म्हणजे एकरभर जमिनीवर फूटभर उंच साचेल एवढं पाणी) मिळाले, कारण तेव्हा तिथे माणसंच नव्हती. या तीन लाखांत आज वीस लाखांवर लोक राहतात. मोरीतून, संडासातून गेलेलं जवळपास सगळं पाणी शुद्ध करून परत तलावात सोडतात, आणि तेवढंच पुन्हा उचलायचा हक्क मिळवतात. २०२१ च्या कायद्याने कचेऱ्यांपुढची, रस्त्याकडेची शोभेची हिरवळ २०२६ अखेरपर्यंत काढायला सांगितली. बेलाजिओच्या कारंज्यावर आपण नाक मुरडतो, पण ते जुन्या विहिरीच्या पाण्यावर चालतं. खरं पाणी प्यायची ती हिरवळ. उधळपट्टीसाठी बदनाम असलेल्या या शहराकडून आपल्या महापालिकांनी शिकावं असं हे एक खातं आहे.

मघाशी एका गृहस्थांनी विचारलं, की तिथे लॉटरीचं तिकीट काढलं तर लाख डॉलर लागतील का. लागणार नाहीत, कारण तिथे लॉटरीच नाही. १८६४ च्या राज्यघटनेपासून नेव्हाडात लॉटरीला बंदी आहे, आणि स्पर्धा नको म्हणून कॅसिनोवाल्यांनाही ती बंदी सोयीची वाटते. आपल्याकडे बरोबर उलट. महाराष्ट्र सरकारने १९६९ मध्ये स्वतःची लॉटरी काढली. कॅसिनोचा कायदा १९७६ मध्ये केला, तो कधी अमलातच आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्द करून टाकला. मग मोठं बक्षीस साचलं की लास व्हेगासचे लोक काय करतात? गाडी काढतात, दीडेक तास जाऊन येऊन मोडतात, आणि कॅलिफोर्नियाच्या हद्दीत, सीमेला अगदी खेटून असलेल्या प्रिमजवळच्या एका दुकानापुढे रांग लावून तिकीट घेतात.